चिमणी माझ्याच मागं येणार

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळची धार झाल्यावर.

आजपासनं डायरी. कारण एकच. नळावर बनाक्का सगळ्या बायकांदेखत म्हटली, आमची प्रिया रोज डायरी लिवती, लीडर व्हायचं तर लिवावीच लागती. बनाक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. प्रिया तिची पोरगी, प्रियदर्शनी. युनिवर्सिटीत शिकती. कसलातरी कोर्स हाय, पर्यावरण अन् सामाजिक न्याय दोन्ही एकदम शिकवत्यात. कालच्या पेपरात तिचा फोटो आलाय, हातात तुळशीचं रोप. रोप माझ्या दारातलं. पेपरात ते लिहिलेलं न्हाय.

बनाक्कानं तो पेपर पेंडवाल्यालाबी दाखवला. त्यानं पेंड तशीच उन्हात ठेवून पेपर बघितला.

मला काय जळत न्हाय. हे आधीच लिहून ठेवतो.

प्रिया आता 'मी जाते, मी येते' असं बोलायला लागली. आमच्या घरात बायका 'मी जातो' म्हणत्यात, अन् मी तसंच लिहिणार. चौथीपर्यंत शिकलोय, तेवढं बास हाय. रोज लिहिणार. एकबी दिवस चुकवणार न्हाय.

२० सप्टेंबर, शनिवार.

मधले दिवस चुकले. लिहिण्यासारखं काय घडलं न्हाय, त्यात माझी चूक न्हाय.

आज प्रियानं बायकांची मीटिंग घेतली. आमच्याच गोठ्यापुढं, मला न विचारता. म्हणजे विचारलंतं, पण मी तवा वैरण कापत होतो. तिनं सांगितलं की म्हशी नदीत नेऊन शांपू लावू नका, शेण गटारीत सोडू नका. बायका माना हलवत होत्या. मी उठून सांगितलं की मी जन्मात म्हशीला शांपू लावला न्हाय, मला स्वतःला मिळत न्हाय. शेणाच्या शेणी थापतो, दरवर्षी स्मशानाला दान देतो. मग माझा फोटो कुठं हाय?

प्रिया म्हटली, काकी, तुमी तर आधीपासनंच सस्टेनेबल हाय. घरी येऊन यशराजला अर्थ विचारला. यशराज माझा पोरगा, इंजिनेरिंग अर्धं करून सध्या रील करतो. तो म्हटला, सस्टेनेबल म्हणजे लई दिवस टिकणारं. मग बरं वाटलं. संध्याकाळी कळलं की इमामबीलाबी तेच म्हटलीया. इमामबी आमच्या शेजारची, म्हशींच्या झुली शिवती. तिचे गुडघे दोन्ही गेल्यात. ती कशी टिकणारी?

ठराव : प्रियाच्या मीटिंगला जायचं न्हाय.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

मीटिंगला गेलतो. कोण काय बोलतंय ते ऐकायला माणूस लागतंच.

खरी गोष्ट आज कळली. त्या कोर्सातल्या पोरापोरींपैकी एकाला वर्षभर बेंगळूरला पाठवणार, लीडर करायला. खाणंपिणं त्यांचं. पण आधी प्रत्येकानं आपल्या गल्लीत कायतरी बदल करून दाखवायचा. पोरं झाडं लावत्यात, प्लॅस्टिक गोळा करत्यात. आमच्या प्रियाबाईनं काय धरावं? पाडव्याची म्हशींची मिरवणूक.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गल्लीत म्हशी सजवत्यात. शिंगांना रंग, मोरपिसं, कवड्यांच्या माळा. मग गडीमाणसं फटफटीचं सायलेन्सर काढून पुढं सुसाट जात्यात अन् म्हस मालकाच्या मागं पळत सुटती. ज्याची म्हस जोरात तो मालक वर्षभर कॉलर वर करून फिरतो. धार बाई काढती, शेण बाई काढती, म्हस आजारी पडली की उशाला बाई बसती. पाडव्याला बाई कडेला आरतीचं ताट घेऊन उभी.

हे शेवटचं प्रिया बोलली. बोलली ते खरं हाय, पण ते मला आधीच माहीत होतं. मी फक्त कधी बोललो न्हवतो.

तिचं म्हणणं, यंदा बाईनं पुढं जायचं. अन् ती भसाभसा धूर सोडणारी फटफटी नको, बिनआवाजाची इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची.

मी सगळ्यांत आधी म्हटलं की हे जमणार न्हाय. मनात म्हटलं, अन् जमू नये. जमलं तर बनाक्का बेंगळूरचा पेपर आणून दाखवंल.

२९ सप्टेंबर, सोमवार.

इमामबी झूल शिवता शिवता म्हटली, झुंबर, जी बाई म्हशीच्या पुढं असंल तिचा फोटो पेपरवाले मोठा काढणार बघ, पोरीचा कोपऱ्यात.

झोप लागली न्हाय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

तालमीच्या आण्णांकडं सगळ्या बायका गेलतो. मिरवणुकीचं सगळं आण्णा ठरवत्यात. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं अन् निकाल दिला. एक बाई, एक म्हस. मारुतीच्या देवळापासनं चौकापर्यंत. म्हस बाईच्या मागं आली तर पुढच्या वर्षीपासनं ज्या बाईला यायचं तिनं मिरवणुकीत यावं. आली न्हाय तर हा विषय गल्लीत पुन्हा काढायचा न्हाय.

बाहेर आल्यावर बनाक्का म्हटली, आमची प्रियाच जाईल की. मी तिथंच तोडलं. म्हटलं, आक्का, हातात पेन धरणं अन् म्हस वळवणं एक न्हाय. गल्लीत सगळ्यांत देखणी म्हस आमची चिमणी. शिंगं पाठीपर्यंत गेल्यात. तिला रेडकू असल्यापासनं मी वाढवलीया. ती माझ्याशिवाय कुणाच्या मागं जाईल?

प्रिया लगेच म्हटली, काकीच पायजेत.

लगेच का म्हटली? ह्यात कायतरी डाव हाय. का घाबरली असंल मला?

माझं गणित असं : फोटो माझा. बेंगळूर जमलं तर जमलं, पण गल्लीला कळलं पायजे की कुणामुळं जमलं. उद्यापासनं रोज पहाटे प्रॅक्टिस.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

स्कूटर इमामबीच्या सुनेची, शबनूरची. शबनूरनं शिकवलं. त्या स्कूटरचा आवाजच येत न्हाय, त्यामुळं चालू हाय का बंद हाय हे कळत न्हाय. बंद हाय असं समजून मी मूठ पिळली अन् उकिरड्यात गेलो. लागलं न्हाय. शेण सस्टेनेबल असतंय.

मालक दारात उभं राहून हसलं. हसू दे. माणसं पुढं जाणाऱ्याला हसत्यातच. मालकांचं नाव गुंडू, पण ते मी घेत न्हाय, इथंबी घेणार न्हवतो.

१२ ऑक्टोबर, रविवार.

आता स्कूटर सरळ जाती. वळत न्हाय, पण चौकापर्यंत रस्ता सरळच हाय.

चिमणीला घेऊन प्रॅक्टिस केली. मी पुढं गेलो. वळून बघितलं तर चिमणी जागेवर. रवंथ करत होती. मालक म्हटलं की तिला फटफटीच्या आवाजाची सवय हाय, बिनआवाजाच्या गाडीमागं ती कशाला येईल. प्रिया म्हटली, मग आवाजानं बोलवूया, म्हणजे नावानं. रोज थोडं थोडं पुढं चालत हाक मारायची, पेंडीचा लाडू द्यायचा, आठवडाभरात येईल.

मी म्हटलं, मला म्हस शिकवू नको. चिमणी शहाणी हाय. ती प्रॅक्टिसमध्ये दम घालवणारी न्हाय, ऐनवेळेला पळणारी हाय.

प्रियानं चिमणीची मान खाजवली. ती वाद घालत न्हाय तवा मला जास्त राग येतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

प्रॅक्टिस न्हाय. कंबर.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

कंबर बरी हाय, पण दिवाळीचा फराळ कोण करणार. चिमणीला फिरवायला प्रियाला पाठवलं. लीडरला शेणात पाय घालायची सवय पायजे. ती लगेच गेली.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

आजबी प्रियालाच पाठवलं. कालबी. मला नऊवारीवरचा ब्लाऊज शिवून घ्यायचा होता. फोटोत ब्लाऊज दिसणार. इमामबीनं बाहीला चिमणीच्या झुलीचंच कापड लावलं, मॅचिंग. शबनूरनं गॉगल दिला. यशराज म्हटला, मम्मी, रील व्हायरल जाईल. आयुष्यात पहिल्यांदा पोरगं कामाचं बोललं.

बनाक्कानं नळावर विचारलं की म्हस येती का मागं. मी म्हटलं, येती म्हणजे, थांबवावी लागती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

चिमणीला हळदीनं, गेरूनं रंगवलं. ऑइल पेंट न्हाय, प्रियाचा हुकूम. शिंगं तेल लावून चमकवली. प्रियानं एकाच शिंगाला तीनदा तेल लावलं. मी विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं की उद्या तिच्या मॅडम येणार हाईत बघायला. म्हटली, "काकी, उद्या न्हाय जमलं तर माझं बेंगळूर गेलं, त्याचं काय न्हाय. पण गल्लीतल्या बायकांना परत कुणी विचारणार न्हाय. ते माझ्यामुळं झालं असं व्हायला नको."

मी म्हटलं, तू कोण गं सगळ्या बायकांची काळजी करणारी. मग तिला फराळाचं ताट दिलं. चकल्या मोडक्या दिल्या. आख्ख्या पावण्यांसाठी ठेवल्यात.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा. दुपार.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढं कुणी उलटंसुलटं सांगायला नको.

मारुतीपुढं गर्दी. गडीमाणसांच्या म्हशी आधी गेल्या, सगळ्या गल्लीत धूर. मग माझी पाळी. फेटा, गॉगल, नऊवारी. मॅडम खुर्चीवर. पेपरवाला भिंतीवर चढलेला. आण्णा हात मागं बांधून उभं.

स्कूटर सुरू केली. मूठ पिळली. थोडं पुढं गेलो अन् मागं बघितलं. चिमणी उभी.

हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलं अन् मान फिरवली. जावयानं मान फिरवावी तशी. परत हाक मारली, जरा जोरात. तिनं शेण टाकलं. लोक हसायला लागले. आमच्या मालकांच्या शेजारच्यानं शिट्टी मारली. आण्णांनी हात मागचे पुढं घेतले, म्हणजे आता काय बोलणार ते सगळ्यांना कळलं. बायका एकमेकींकडं बघायच्या सोडून जमिनीकडं बघायला लागल्या.

तेवढ्यात गर्दीतनं प्रिया पुढं आली. चप्पल टाकली अन् रस्त्याच्या मधनं पळत सुटली, माझ्या शेजारनं पुढं. मागं वळून एकच हाक मारली, "चिमणे, चल बाई."

चिमणीनं शेपटी वर केली. एवढी मोठी म्हस, मोरपिसं, झूल, कवड्या सगळं घेऊन उधळली अन् माझ्या स्कूटरला घासून पुढं गेली. पुढं प्रिया अनवाणी, मागं चिमणी. चौकापर्यंत. चौकात प्रिया थांबली तशी चिमणी थांबली अन् तिच्या खांद्यावर नाक ठेवून उभी राह्यली.

मीबी चौकात पोचलो. म्हशीच्या मागनं. सगळे एकाच रस्त्यावर होतो, हे खरं.

आण्णा आले. सगळी गल्ली गोळा झाली. आण्णा पोरीशी न बोलता माझ्याशी बोलले. "झुंबरबाई, ठरलं कुणाचं होतं? तुमचं का ह्या पोरीचं?"

प्रिया माझ्याकडं बघत होती. बनाक्काबी बघत होती, पदर तोंडात धरून. मी 'माझं' म्हटलं असतं की खेळ खलास. बेंगळूर बंद. नळावरचा पेपर बंद. शब्द तोंडात आलाबी होता.

म्हटलं, "आण्णा, ठरलं असं होतं की म्हस बाईच्या मागं आली पायजे. आली का न्हाय?"

"आली. पण बाई तुमी होता न्हवं."

"कुठली बाई ते चिमणीला विचारा की. मला कशाला विचारताय?"

आधी इमामबी हसली. मग सगळ्याच. आण्णांनी सुपारी तोंडात टाकली अन् म्हटलं की पुढच्या वर्षी बायकांनी आपापल्या म्हशी घेऊन यावं, पण शिस्तीत.

मी असं का बोललो? गॉगलमुळं नीट दिसत न्हवतं. शिवाय आण्णांचा मला आधीपासनंच राग हाय. प्रियाचा ह्यात काय संबंध न्हाय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

पेपर आला. फोटो मोठा हाय. प्रिया अन् चिमणी. मागं चिमणीच्या शेपटीपलीकडं फेट्याचा तुरा दिसतोय, तो माझा. यशराजनं मोबाईलवर मोठा करून बघितला, माझाच हाय.

बनाक्कानं पेढे आणले. मी घेतला न्हाय. नंतर घेतला, मुलांसाठी म्हणून. घरात मूल यशराज एकटाच हाय अन् त्याला गोड आवडत न्हाय.

चिमणीशी बोलणं बंद केलंय. धार काढतो तेवढंच.

९ डिसेंबर, मंगळवार.

प्रियाचं सिलेक्शन झालं. पाया पडायला आलती. म्हटली की तिथं मुलाखतीत तिनं माझं नाव सांगितलं, काकींनी मोक्याच्या वेळेला बायकांसाठी तोंड उघडलं म्हणून. मी म्हटलं, तोंड मी रोजच उघडतो. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

तिला चटणी देणार न्हवतो. दिली. बेंगळूरला म्हणे तिखट मिळत न्हाय, मग ती आजारी पडली तर बनाक्का माझ्यावर ढकलणार.

एक मात्र चांगलं हाय. आता गल्लीत लीडरची जागा मोकळी झाली. नववर्षापासनं बायकांच्या मीटिंगा मी घेणार.

४ जानेवारी, रविवार.

प्रिया गेली शुक्रवारी. आज माझी पहिली मीटिंग. विषय : पुढच्या पाडव्याची तयारी अन् माझे अनुभव. सगळ्यांच्या घरी जाऊन सांगितलंतं. सतरंजी घातली, चहा ठेवला.

इमामबी आली. तिला विषय माहीत न्हवता, ती बॉबिन मागायला आलती. बसली मग. दोघींनी सगळा चहा संपवला. मीटिंग शांततेत पार पडली.

एक किरकोळ अडचण हाय. दोन दिवस झाले, चिमणी दूध देत न्हाय. आटली न्हाय, कास भरलेली हाय, पण पान्हा सोडत न्हाय. दाराकडं बघत उभी राहती. थंडीमुळं असंल.

७ जानेवारी, बुधवार.

थंडी न्हाय. पेंड वाढवली, गूळ दिला, रेडकू पाजायला सोडलं. कास दगडासारखी झालीया. असंच राह्यलं तर कास बिघडंल, म्हस कायमची जाईल. डॉक्टर येऊन गेला, म्हटला, दुखणं न्हाय, रोज जवळ असणारं माणूस बदललंय काय?

मी म्हटलं, रोजचं माणूस मीच हाय. मालकांनी माझ्याकडं बघितलं अन् खाली बघितलं. मग म्हटलं, पोरगी पाडव्यानंतरबी रोज येत होती की गोठ्यात, तुझा चहा व्हायच्या आधी.

मला कुणी सांगितलं न्हाय. मला ह्या घरात कुणी काय सांगत न्हाय.

यशराज म्हटला, फोन लाव तिला. मी म्हटलं, म्हशीसाठी कुणी बेंगळूरला फोन लावतंय व्हय. मी मरंन पण लावणार न्हाय.

९ जानेवारी, शुक्रवार. पहाट.

लावला.

पहिल्या रिंगला उचलला न्हाय, दुसऱ्याला उचलला. झोपेतला आवाज. काकी, काय झालं, आई बरी हाय न्हवं? मी म्हटलं, सगळे बरे हाईत, तू म्हशीशी बोल. तिनं क्षणभरबी विचारलं न्हाय, का म्हणून. मी फोन चिमणीच्या कानाला लावला. तिकडनं ती बोलायला लागली, चिमणे, बाई माझी, असं काय करतीस, काकीला त्रास देऊ नको. चिमणीचा कान हलला. मालक खाली बसलेले, त्यांनी कासेला हात लावला अन् धार सुटली. कासंडीत पहिली धार वाजली तसं मालकांनी खांद्याला डोळे पुसले.

मी फोन धरून उभी राह्यलो. हात भरून आला, बदलला, परत धरला. एवढी वर्षं म्हशी राखल्या अन् आता मी मोबाईलचा स्टँड झालो.

कासंडी भरली. फोन कट करायला गेलो तर तिकडनं म्हटली, "काकी, तुमी जेवला का?"

पहाटे कोण जेवतंय? शिकलेल्या पोरींना एवढंबी कळत न्हाय. सांगितलं, जेवलो. मग ती बोलत राह्यली, तिथं थंडी हाय, चटणी संपत आली, रात्री कधीकधी करमत न्हाय. मी ऐकत राह्यलो. चिमणी कधीच पेंड खायला लागलीती.

चटणी करायला घेतलीया. डॉक्टर म्हटलाय, धारेची वेळ बदलायची न्हाय. उद्याबी ह्याच वेळेला फोन लावायचा. म्हशीसाठी.